नवशाची चार वर्षं

नवशा शिपायाचं डोकं सकाळपासून तापलं होतं. तीस जूनला त्याला कॉलेजातून घरी बसवणार होते, साठ पूर्ण झाली म्हणून. कसली डोंबलाची साठ! लहानपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ देवू उमरोळीकडच्या पाड्यातून एकाच दिवशी शाळेत गेले. जन्मतारीख कुणाला ठाऊक? गुरुजींनी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला. नवशा अंगानं लांबोडका, त्याचा हात कानाखाली उतरला. देवूचा जेमतेम टेकला. झालं! गुरुजींनी दोघांनाही एक जून तारीख दिली, देवूचं वर्ष बरोबर धरलं आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या नवशाला त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा करून टाकला. नोकरीची चार वर्षं गेली अशी. नवशानं तारीख दुरुस्तीचा अर्ज केला, त्यावर प्राचार्य कमलाकांत सरांनी एकच ओळ लिहिली: कागदोपत्री पुरावा नाही.

आणि आज हेच सर पालघरच्या त्या कॉलेजच्या सभागृहात विश्वाच्या वयावर तावातावानं भांडत होते; तेव्हा ते अजून नक्की ठरलं नव्हतं. मुंबईहून आलेले पाहुणे वीस अब्ज वर्षं म्हणत होते, सर दहावर अडून बसले होते. जन्माचा दाखला दोघांकडेही नव्हता. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे थवे, किती वेगानं लांब पळतात, त्यावरून म्हणे अंदाज बांधायचा. विश्व कशाचं बनलंय, तर त्यातलं बहुतेक वस्तुमान दिसतच नाही, दीर्घिकांच्या फिरण्यावरून ते आहे असं मानावं लागतं, असं पाहुणे म्हणाले. सरांनीही लगेच मान डोलावली.

“दहा अब्जांचाच तर फरक आहे, चहावर मिटवू!” सर म्हणाले, आणि सभागृह खदखदून हसलं. “नवशा, चहा आण.”

नवशा जागचा हलला नाही.

“सर, जे दिसत नाय ते तुमी मानता. माझा थोरला भाऊ कागदावर माझ्याहून धाकटा हाय. तो डोल्यांना दिसतो, तरी मानत नाय?”

हसणं थांबलं. सरांचा चेहरा लाल झाला.

“नवशा, हे विज्ञान आहे. विश्वाचं वय चुकलं तर कुणाची नोकरी जात नाही.”

“म्हनून तर हसता.”

पाहुण्यांनी मान खाली घातली. सरांनी दाराकडे बोट केलं. “चहा आण म्हटलं ना!”

“तुमचा तुमी आना,” नवशा म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर जाऊन बसला. “साठ वर्सांच्या म्हाताऱ्याला काय पलवता?”