गिलीससाहेबाचा भोपळा

"गिलीससायेब, आज तरी एक गोल मारा की!" मैंदर्गीचा गुरुलिंग ओरडला.

साहेब गुडघ्याला पट्टी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "मारना तुम्हारा काम. देना हमारा."

"तीन वरसं नुसतं देतंय! लई दानशूर हाय बगा ह्यो!"

सगळी टीम हसली. गिरणीचा हजेरी-कारकून आणि टीमचा हिशेबनीस म्हणून मीही हसलो.

साहेब स्कॉटलंडचा. चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत, अठराव्या वर्षी पगारी फुटबॉलवाला. जागा मैदानाच्या मधोमध. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा. एका क्लबानं त्याला घेतला, दुसऱ्याला विकला. लढाईहून परतल्यावर गुडघा पाहून दुसऱ्यानं सोडला. तिसऱ्याचं मैदान कापडगिरणीला लागून होतं; तिथं तो माग दुरुस्त करायला शिकला. असा दोन्ही कामांचा माणूस आमच्या गिरणीला हवाच होता. सन सव्वीसमध्ये तो सोलापूरच्या उन्हात येऊन पडला. त्यानं जपलेली वर्तमानपत्रांची कात्रणं मला एकदा दाखवली. प्रत्येक फोटोत गोल मारणारा कुणी दुसराच. कडेला बोट ठेवून साहेब म्हणाला, "ये कंधा हमारा."

तीन वर्षांचा करार अंतिम सामन्याच्या महिन्यातच संपत होता. गावची खाण बंद पडलेली, घरचं कुणी उरलेलं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाला होता, "कप आणा, मग तुमचं बघू."

अंतिम सामना रेल्वेवाल्यांशी. त्यांच्या पायांत बूट, आमचे साहेब सोडून सगळे अनवाणी. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा साहेब जवळजवळ एका पायावर उभा होता. चेंडू आला. त्यानं तो डावीकडे, जिथं कुणीच नव्हतं तिथं टाकला. लोक "आरारा" म्हणेपर्यंत गुरुलिंग तिथं पोचलाही होता. साहेबानं तीन वर्षं त्याला तेवढंच शिकवलं होतं. गोल!

हार गुरुलिंगच्या गळ्यात पडला. साहेब रेषेवर बसून बूट काढायला बघत होता. सुजेमुळे तो निघेना. टीममधल्या सिद्धाप्पानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "जितलो की, सायेब!"

"हां. अब नोकरी रहेगा," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं वर्षाच्या गोलांचा तक्ता मागवला. तक्ता माझाच, मागखात्याच्या रीतीनं आखलेला. तिथं कापडाचं ठाण उतरलं की मागवाल्याच्या नावावर चढतं. सुताच्या कांड्या भरणारीचं, तुटलेला धागा सांधणाऱ्याचं नाव त्यात येत नाही. तसंच इथंही. गुरुलिंग: अकरा. सिद्धाप्पा: चार. गिलीस: भोपळा. तोही मी चांगला गोलगरगरीत काढला होता.

मॅनेजरचं बोट त्यावर थांबलं. "वर्षभरात एकही नाही?"

पंधराच्या पंधरा गोल मी डोळ्यांनी पाहिले होते. प्रत्येक चेंडू कुणाच्या पायातून निघाला तेही मला ठाऊक होतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत विचारल्यापलीकडे मी कधी बोललो नाही; म्हणून तर वीस वर्षं झाली.

"नाही साहेब," मी म्हणालो.

गुरुलिंग जॉबर, म्हणजे मागखात्याचा मुकादम, झाला. गिलीससाहेबाला बोटीचं तिकीट मिळालं.

निघताना तो सही करायला माझ्या टेबलाशी आला. तक्ता भिंतीवर होता. त्यानं आपलं नाव शोधलं, भोपळ्यावरून अंगठा फिरवला.

"बाबू, तुम्हारा अक्षर बहुत अच्छा," म्हणाला, आणि लंगडत गेला.

पुढच्या वर्षी तक्त्यात मी एक रकाना वाढवला: 'चेंडू कुणी दिला'. गुरुलिंग आता जॉबरचा फेटा कडेला ठेवून मैदानात उतरतो. शिट्टी झाली की सवयीनं डावीकडे धावत सुटतो, मोकळ्या जागी जाऊन थांबतो, आणि हात वर करून मागं बघतो.

हात बराच वेळ वरच असतो.