राष्ट्रपतींसाठी सजलेला बंगला

मित्रांनो, घोडेगाव सोडून आहुप्याच्या डोंगराकडे निघालात की एका वळणावर काळ्या दगडाचा, छप्पर वाकलेला बंगला दिसतो. तो मी. फिरतीवरच्या साहेबांना मुक्कामाला जागा हवी म्हणून शंभर वर्षांपूर्वी मला बांधले. बैलांनी ओढलेल्या घाण्यात मळलेल्या चुन्याने माझ्या भिंती जोडल्या. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात ती सोडून देते. म्हणूनच इथल्या बेफाम पावसातही मी टिकलो.

भागू माझा रखवालदार. माझ्या मागच्या भिंतीला टेकून त्याची खोली आहे. तिथे तो आणि सोनीबाई राहतात. दुसरे घर त्यांना नाही.

भातखाचरे बांधताना इथले लोक पडकई करतात, म्हणजे सगळे मिळून एकेकाचे काम उरकतात. दर वैशाखात माझ्या छपराचीही तशीच पडकई होई. वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस येई. फुटकी कौले बदलायची, सरकलेली नीट बसवायची आणि मग सोनीबाईच्या हातची नाचणीची भाकर खायची.

सरकारला मात्र मोठा पाहुणा येणार असला तरच माझी आठवण होई. १९९३ साली मंत्री येणार म्हणून माझ्या दगडी फरशीवर चकचकीत टाइल्स बसवल्या. पुढे राज्यपालांसाठी भिंतींना ऑइलपेंट दिला. सगळ्यांनी माझे कौतुक केले. पण रंगामागे ओल कोंडली आणि आतला चुना भुसभुशीत होऊ लागला. मंत्री चहा पिऊन गेले. राज्यपाल आलेच नाहीत.

२००३च्या उन्हाळ्यात बातमी आली, की राष्ट्रपती देवराई पाहायला येणार आणि रात्री माझ्याकडे राहणार. एका रात्रीपुरते का होईना, मी राष्ट्रपतींचे निवासस्थान होणार होतो! मला अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू? खोल्यांना प्लायवूडचे छत ठोकले. आता कौले खालून दिसेनाशी झाली. बंदोबस्ताच्या साहेबांनी भागूला बजावले, "मी सांगेपर्यंत छपरावर कोणी चढायचं नाही."

दौरा रद्द झाला. साहेब पुन्हा फिरकले नाहीत.

वाडीतला कुशाबा शिडी घेऊन आला. "भागू, चल की राव. आभाळ भरून आलंय."

"सायेब न्हाई म्हनलंत."

"अरं, राष्ट्रपतीच न्हाई आलं!"

"त्यांचं येनं रद झालं. हुकूम कुटं रद झालाय?"

"हुकूम काय छत्री हाय व्हय, पाऊस अडवाया?" सोनीबाई दारातून म्हणाली. सगळे हसले. भागूही हसला. पण शिडी परत गेली.

भागू कचेरीत जाऊन आला. साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, "हुकूम मी दिलाच नाही, तर मागे कसा घेऊ?"

त्या वर्षी पडकई झाली नाही. पुढच्याही वर्षी झाली नाही. सरकलेल्या कौलांतून पाणी आत यायचे आणि प्लायवूडवर साचून राहायचे. खालून सारे कोरडे दिसे. मग एका आषाढात दिवाणखान्याचे छतच खाली आले. कुशाबा कोणाला न विचारता वर चढला. त्याचा पाय आढ्याच्या लाकडात रुतला.

"लाकूड कसलं, भुसा झालाय," एवढे बोलून तो खाली उतरला.

पेठजवळ हमरस्त्यावर नवे विश्रामगृह झाले आहे. पाहुणे तिकडेच उतरतात. इंजिनिअरने मला धोकादायक ठरवले. उद्या मला पाडायला मशीन येणार आहे. माझ्याबरोबर भागूची खोलीही जाईल. कुठे राहायचे, ते त्याला अजून ठाऊक नाही.

मित्रांनो, माझे आता काही होणार नाही. पण तुमच्या घरावर, तुमच्या शाळेवर दर वर्षी पावसाआधी कोणाला तरी चढू द्या. पाहुण्याची वाट पाहू नका. हुकमाचीही पाहू नका.

सोनीबाईने भांडी पोत्यात भरली आहेत. भागू माझ्या ओल्या टाइल्स झाडतो आहे.

"अवं, आता कुनासाठी झाडताय?" तिने विचारले.

"पाडाया का व्हईना," भागू म्हणाला, "उद्या सायेब येनार हायेत."