चेनची करकर आणि इर्शादचे कान

मित्रांनो, मी एक जुना गिअरचा खटका आहे. तुमच्या सायकलींचे गिअर हँडलवर असतात. मी मात्र हँडलकडून पॅडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीच्या उजव्या अंगाला बसलेला आहे. दिसायला जेमतेम बोटाएवढा. मला पुढेमागे केलं की तार ओढली जाते आणि चेन मागच्या चाकाच्या सहा दातेरी चकत्यांपैकी एकीवरून दुसरीवर जाते. माझं सगळं आयुष्य एवढ्याच कामात गेलं.

माझ्या अंगावर एक छोटी फिरणारी कडी आहे. ती एका बाजूला वळवली की मी पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो. प्रत्येक पायरीला ‘टक’ होतं आणि त्या टकेला चेन नेमक्या चकतीवर बसते. कडी दुसऱ्या बाजूला वळवली की पायऱ्या नाहीशा होतात. मग मला नेतील तिथे मी थांबतो. चेन बरोबर बसली की नाही, हे तेव्हा स्वाराने कानाने ओळखायचं. जरासं चुकलं तर चेन करकरते. केसभर सरकवलं की गप्प होते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका सुंदर निळ्या सायकलवर बसून खंडाळ्याच्या एका बंगल्यात आलो. बंगल्याच्या मालकांनी सायकल तीनदा चालवली आणि गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवली. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. मागचं चाक गंजून सडलं. शेवटी बंगला विकताना त्यांनी ती सायकल आपल्या माळ्याला, दस्तगीरचाचांना देऊन टाकली. चाचांनी ती वडगावला आपल्या घरी नेली आणि मुलाच्या हवाली केली.

तो मुलगा म्हणजे माझा इर्शाद. तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याने बाजारातून जुनं चाक आणून बसवलं. पण त्या चाकाच्या चकत्यांमधलं अंतर माझ्या पायऱ्यांशी जुळेना. मी ‘टक’ म्हणावं आणि चेन दोन चकत्यांच्या मधेच लटकावी! इर्शादने मला नीट न्याहाळलं आणि नखाने कडी फिरवली. पायऱ्या गेल्या. मग तो रस्त्यावर निघाला, मान किंचित कलती करून चेनचा आवाज ऐकत, मला केसभर पुढे, केसभर मागे करत. वडगावच्या वेशीपर्यंत पोचेतो चेन अगदी गप्प झाली होती.

मित्रांनो, असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात, दिवसभर धडाधड पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, त्याला नोकरी लागली. रोज सकाळी आम्ही निघायचो. चढ आला की त्याचा हात न बघताही माझ्याकडे यायचा. त्याच्याच खात्यातला बजरंग आपल्या साध्या सायकलवरून सोबत असायचा. तो म्हणायचा, “इर्शाद, तुझी सायकल हाय का मांजर? जरा म्हणून वाजत न्हाई!” हे ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो. वीस-बावीस वर्षं अशीच गेली.

आणि मग गेल्या माघातल्या एका सकाळी मला पहिला धक्का बसला.

चढावर इर्शादने मला ओढलं आणि मी थोडा कमी पडलो. चेन करकरू लागली. मी वाट पाहिली, आता त्याचं बोट येईल. बोट आलं नाही. चेन दात घासत राहिली, कर्र कर्र, कर्र कर्र. रस्त्याकडेचं कुत्रंसुद्धा मान वर करून पाहू लागलं. इर्शाद मात्र शांतपणे पॅडल मारत होता. कारखान्याच्या गेटपर्यंत तसाच!

मला काही सुचेना. माझंच काही चुकलं का? माझा स्क्रू ढिला झाला का? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बजरंगला राहवलं नाही. तो शेजारी येऊन म्हणाला, “इर्शाद, चेन लय वरडतीय बग.”

इर्शादने त्याच्याकडे वळून हसून मान हलवली. “व्हय ना,” तो म्हणाला, “थंडी पडलीय लय.”

बजरंगचे पाय पॅडलवर थबकले. मग तो पुन्हा पॅडल मारू लागला. थट्टा असेल, असं त्याला वाटलं असावं.

पुढचा धक्का आठवड्याभरात आला. कारखान्यांच्या रस्त्यावर एका गेटातून मोठा कंटेनर मागे मागे येत होता. त्याचा भोंगा सारखा वाजत होता. वॉचमन शिट्टी फुंकत होता. इर्शाद रस्त्यातला खड्डा चुकवण्यासाठी खाली मान घालून थेट त्या कंटेनरच्या मागे शिरला. मी धातूचा तुकडा, पण त्या वेळी माझा जीव उडाला. भोंगा ऐकू येत नाही? एवढा मोठा भोंगा?

“इर्शाऽऽद!”

बजरंगने आपली सायकल फेकून दिली, धावत येऊन इर्शादची कॉलर धरली आणि त्याला मागे खेचलं. दोघंही मातीत कोसळले. सायकल आणि मी कंटेनरच्या चाकाखाली गेलो. सायकलचं मागचं चाक पापडासारखं मोडलं. तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि सायकलचा पुढचा भाग, माझ्यासकट, वाचला.

बजरंगने त्याला गदागदा हलवलं. “बोंबलून बोंबलून घसा फाटला माझा! बहिरा हायेस का तू?”

 इर्शाद बजरंगच्या तोंडाकडे पाहत होता. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. बजरंगच्या ते लक्षात आलं. त्याने मुद्दाम तोंडावर हात धरला आणि त्याच आवाजात विचारलं, “लागलंय का कुटं?”

इर्शादच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. बजरंगने हात खाली केला. “अरं देवा,” तो पुटपुटला आणि मातीतच बसून राहिला.

टेम्पोत घालून बजरंगने आम्हाला घरी आणलं. अंगणात इर्शादची मुलगी नूर कपडे वाळत घालत होती. बारावी झालेली, हुशार पोरगी. बजरंगने तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. तिला ते खरंच वाटेना. मग ती बापाच्या पाठीमागे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “अब्बा, चहा ठेवू?” इर्शाद मोडक्या चाकाकडे पाहत राहिला. ती मोठ्याने म्हणाली. तो तसाच. नूरने दोन्ही हात तोंडावर धरले.

ती समोर येऊन बसली. “कधीपासून, अब्बा?”

“तीन वर्षं झाली असतील,” इर्शाद तिच्या ओठांवरून नजर न काढता म्हणाला. “आधी बारीक आवाज गेले. मग माणसांचे गेले. गिअर नुसत्या हाताच्या सवयीनं लावायचो.”

“पण कंपनीत दरवर्षी कान तपासतात ना?”

यावर तो जे बोलला ते ऐकून मी गोठलोच. तपासणीच्या खोलीला काच होती. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचं बोट बटणावर गेलं की इर्शाद हात वर करायचा. कानात आवाज आला म्हणून नव्हे, बोट हललेलं दिसलं म्हणून. तीन वर्षं तो असा पास होत होता! कानात घालायला मिळालेले बोळे त्याने वर्षानुवर्षं खिशात ठेवले होते. बोळे घातले की मशीनचा बिघाड आधी ओळखू येत नाही, असं त्याला वाटायचं. ज्या कानाचा त्याला आणि मला एवढा अभिमान होता, त्याच कानाची त्याने अशी माती केली होती.

“नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई,” तो म्हणाला.

नूर रडत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “अब्बा, मागच्या श्रावणात मी तुम्हाला विचारलं होतं. नर्सिंगला कोल्हापूरला नंबर लागलाय, जाऊ का? तुम्ही पाठमोरे बसून चेनला तेल घालत होता. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.”

इर्शाद पुढे सरकला. “काय?”

“मी दोनदा विचारलं. मला वाटलं, तुमची मर्जी नाही. मी फॉर्म फाडून टाकला.”

मित्रांनो, मला ती दुपार आठवत होती. तिचे दोन्ही प्रश्न मी ऐकले होते. इर्शाद रागावला असेल असं मलाही वाटलं होतं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचला नव्हता! इर्शादने कपाळावर हात मारून घेतला. “कोल्हापूर?” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. “तुला कोल्हापूरला नंबर लागलेला?” मग मोठा माणूस लेकरासारखा रडला.

दुसऱ्याच दिवशी नूर त्याला तळेगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नव्हतं, पण उरलेलं सांभाळता येणार होतं. कानांमागे यंत्रं बसली. बजरंग त्याच्यासोबत साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. साहेब तपासणीच्या लबाडीवरून खूप बोलले, पण त्यांनी त्याला प्रेस शॉपमधून स्टोअरला हलवलं. आणि या वर्षी फॉर्म निघाला तेव्हा इर्शादने पेन स्वतः नूरच्या हातात दिलं.

राहिलो आम्ही. लोणावळ्यातल्या एका जुन्या दुकानात नूरला एक चाक मिळालं. त्याच्या चकत्या माझ्या पायऱ्यांशी जुळणाऱ्या होत्या. तिने ते बसवून घेतलं आणि कडी फिरवली. इतक्या वर्षांनी मी पुन्हा ‘टक’ म्हणालो. सायकलवर वारा लागला की इर्शादच्या कानामागचं यंत्र नुसतं घोंगावतं. पण माझी टक त्याच्या बोटाला कळते. पहिल्यांदा ती कळली तेव्हा तो दचकून माझ्याकडे बघतच राहिला. हँडलला आता आरसा आहे. परवा रविवारी आम्ही वलवणच्या धरणापर्यंत जाऊन आलो. नूर दुसऱ्या सायकलवर होती. तिला काही सांगायचं असलं की ती पुढे येऊन थांबायची, त्याच्याकडे तोंड करायची आणि मगच बोलायची.

मित्रांनो, मोठ्या आवाजाच्या कामावर तुमच्या घरचं कुणी जात असेल, तर ते कानात बोळे घालतात का, एवढं त्यांना जरूर विचारा. आणि घरात कुणी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर तो नकार समजून फुरंगटून बसू नका. उठा, त्यांच्या समोर जा, आणि पुन्हा विचारा.