आहेराचा मेकअप

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हसू नका! ब्युटी पार्लरची खुर्ची आहे मी. पायाने दांडी दाबली की वर जाते. ऐन उमेदीची वर्षे अकोल्यात गेली. मग नवे पार्लर काढणाऱ्या रत्नमालाने मला माझ्या जोडीदारणीसकट, म्हणजे दुसऱ्या खुर्चीसकट, विकत घेऊन शिरपूर जैनला, एसटी स्टँडजवळच्या भाड्याच्या गाळ्यात आणले.

तिचा हिशोब पक्का होता. लग्नसराईत नवऱ्या सजवायच्या, त्या कमाईतून वर्षाचे भाडे काढायचे आणि एरवीच्या आयब्रो-कटिंगवर सामान भरायचे. पण लग्ने कोणाची? सगळी नात्यातली! पत्रिका आली की सासू भागिरथाबाई छातीठोक सांगायच्या, "नवरीचा मेकअप माही सून करून देते. तोच आमचा आहेर!" सासूचा शब्द राखायला रत्नमाला बिचारी फुकट सजवून द्यायची. बौद्ध लग्नाच्या पांढऱ्या साडीतल्या नवऱ्या माझ्यावर बसून अशा खुलायच्या की त्यांच्या आया डोळे पुसायच्या. माझाही ऊर भरून यायचा. पण क्रीम-पावडर काही फुकट येत नव्हती.

अर्धी सराई सरली नि भाडे थकले. आधी माझी जोडीदारीण विकली गेली. फार एकटे वाटले हो! मग गाळामालकाने शेवटची मुदत दिली. मला पुसता पुसता रत्नमाला म्हणाली, "आता तुलेही इकावं लागते वाटते."

त्याच आठवड्यात तिच्या नणंदेचे, धम्मदीपाचे लग्न होते. गाळा बायांनी भरला. धम्मदीपा सजून उठली आणि भागिरथाबाईंची नजर रिकाम्या कोपऱ्यावर गेली.

"दुसरी खुर्ची कुठं हाय वं?"

"इकली, आत्याबाई. भाडं द्याचं होतं."

बाई मटकन माझ्यावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मी गावभर आहेर वाटला, अन् दुकान तुह्यं बुडून राह्यलं." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "घे, आजचे पैसे."

"धम्मदीपा घरचीच हाय. कसे घेऊ?"

"आहेर माहा, मंग खर्च तुहा कायले? घे, नाही तं नवरी मांडवात जात नाही!"

रत्नमालाने पैसे घेतले आणि तिला रडूच फुटले. बाकीच्या बाया खाली पाहू लागल्या. पुढे काहींनी आपापल्या लेकींच्या मेकअपचे पैसे आणून दिले, काहींनी नाही. पण तेवढ्यात भाडे फिटले, गाळा राहिला, मीही राहिले.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या दुकानात गेलात तर पैसे आधी द्या. ते माणूस आपले आहे, मग त्याचे दुकान आपणच नाही टिकवायचे तर कोणी टिकवायचे?