गळ्यात बांधायचं वचन

मी जात्याच भित्री. पाल दिसली की आधी ओरडते आणि मग ती कुठे आहे ते बघते. माहेर जुन्नरच्या भर पेठेत, दारासमोर किराणा दुकान आणि डोक्यावर रस्त्याचा दिवा, तेव्हा अंधाराची ओळखच नव्हती. लग्न होऊन कळंबजवळच्या या वाडीत आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात वाघ आहे. बिबट्या म्हणायचं ते पेपरवाल्यांनी. इकडे सगळे वाघच म्हणतात, आणि तो ओट्यावर येऊन बसला की नाव कुठलंही असलं तरी सारखंच.

अशा बाईला आमच्या मंचरच्या चर्चच्या पाळकांनी रोजचं ‘आजचं वचन’ सांगायला नेमलं. का, तर माझं वाचन स्वच्छ आणि आवाज खणखणीत. कळंब, पेठ, अवसरी मिळून आमची विश्वासी घरं मोजकीच. सगळ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी मी एक वचन घ्यायचं, ते रोजच्या जगण्यात कसं लावायचं ते सोप्या भाषेत बोलायचं आणि आवाज भरून ग्रुपवर सोडून द्यायचा. बायका चुलीपुढे ऐकतात, कुणी गोठ्यात ऐकतं, मग हात जोडल्याची चित्रं यायला लागतात. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघराचं दार आतून लावून, कडी दोनदा ओढून बघून, मी लोकांना सांगायचे की भिऊ नका.

सगळ्यात मन लावून ऐकायच्या त्या माझ्या सासूबाई, बायडाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कानाला लावून, आवाज पूर्ण वाढवून, म्हशीशेजारी उभ्या राहून ऐकायच्या. भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझाच आवाज, आणि त्या मधूनच म्हशीला सांगायच्या, “ऐक, ऐक. आमची नूतन काय म्हंती बघ.” शिकलेली सून आपल्याला देवाचं सांगते याचा त्यांना भारी अभिमान.

यंदा दिवाळीनंतर शेजारच्या वाडीत एका बाईला वाघानं नेलं. भरदिवसा, गवत कापताना. तेव्हापासून इकडच्या बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालूनच रानात जातात. जाड पट्टा, त्यावर बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे. वाघ मान धरतो, म्हणून. माझ्या नवऱ्यानं, भरतनं, आमच्या दोघींसाठी दोन आणले आणि दारामागच्या खुंटीला लावले. आत्या ते बघून हसल्या होत्या. त्यांचं माहेर मेंढरांवरचं. “आमच्या मेंढरांच्या वाड्यावर असला पट्टा कुत्र्याला घालायचे,” त्या म्हणाल्या. “आता मान्सावर आली पाळी.” पण घालायला लागल्या. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, की एकटीनं जाऊ नका, गाणी म्हणत चाला, आणि वाकून बसू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. आता गवत उभ्यानं कसं कापायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी वचन होतं बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं, शिकवण गळ्यात बांधून ठेव अशा अर्थाचं. मला उदाहरण सुचेना. चहाचं आधण ठेवलं, इकडे तिकडे बघितलं, आणि खुंटीवरचे पट्टे दिसले. झालं, माझी गाडी सुटली. मी म्हटलं, “बहिणींनो, वाघाच्या भीतीनं आपण रोज गळ्यात खिळे बांधतो. आज गळ्यात देवाचं वचन बांधू या. ज्याच्या गळ्यात वचन आहे त्याला कशाचं भय?” शेवटी आवाज जरा चढवला. स्वतःवरच खूश झाले. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

गोठ्यातून माझाच आवाज आला, दोनदा. आत्यांनी ते दुसऱ्यांदा लावून ऐकलं. मी भाकरी थापत होते. मागचं दार वाजलं ते ऐकलं, त्या गवताला निघाल्या हेही कळलं, आणि मी भाकरी उलटली.

भाकऱ्या झाल्या, ओटा पुसला आणि केर काढायला दारामागचा झाडू घेताना बघितलं, तर खुंटीला दोन पट्टे. मला आधी रागच आला. म्हटलं, म्हातारी विसरली, आता बोलावं लागेल. आणि मग माझं सकाळचं वाक्य मलाच ऐकू आलं. त्या विसरल्या नव्हत्या. मी सांगितलं होतं तसं त्यांनी केलं होतं.

फोन लावला तर तो गोठ्यात म्हशीच्या दावणीवरच वाजला. शेजारच्या कुंडलिकभाऊंच्या दाराला कुलूप. भरत पहाटेच दुधाचा टेम्पो घेऊन गेलेला, तो पेठ गावात होता.

“आत्या पट्टा न घालता उसाकडे गेल्यात,” मी म्हटलं.

“का पन?”

“माझ्यामुळे. तुम्ही या लवकर.”

“निघालोच. तू एकली जाऊ नको, नूतन. ऐकतीयस का?”

ऐकत होते. पण पेठहून यायचं म्हणजे हायवे, मंचरची गर्दी, मग आमचा कच्चा रस्ता. तोवर घरात बसून काय करायचं, खुंटीकडे बघत? मी माझा पट्टा गळ्यात आवळला. खिळे बाहेरच्या बाजूला असतात, पण त्या वेळी ते आतून टोचत असल्यासारखं वाटत होतं. आत्यांचा पट्टा एका हातात घेतला, दुसऱ्या हातात काठी, आणि निघाले.

ऊन आलं होतं, पण उसातल्या वाटेवर ते पोचत नाही. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस आणि मधे एका माणसापुरती वाट. उसाचं वाळलेलं पाचट वाऱ्यानं वाजतं, उंदरानं वाजतं, कशानंही वाजतं. प्रत्येक वाजण्याला मी थांबत होते. गाणं म्हणत जायचं हे आठवलं, म्हणून तोंड उघडलं. मला इतकी गीतं पाठ, रविवारी पेटीवर सूर मीच देते. एक ओळ आठवेना. वचनंही आठवेनात. डोक्यात फक्त एवढंच, की भरतला तोंड कसं दाखवू.

आठवलं ते भलतंच. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील असं शास्त्रात लिहिलंय. म्हणजे त्यानंही वचनच काढून दाखवलं होतं. तो प्रसंग मी ग्रुपवर किती रंगवून सांगितला होता! आणि आज मी नेमकं सैतानाचं ते काम चहाच्या आधी उरकून मोकळी झाले होते.

वाट संपते तिथे बांध आहे, बांधावर गवत. आत्या तिथेच होत्या. ओणव्या, पाठ उसाकडे, विळा सरसर चाललेला. पदर डोक्यावरून घसरला होता आणि पांढऱ्या केसांखाली मान उघडी होती. त्यांना बघून मला रडूच फुटणार होतं. मी हाक मारायला पुढे झाले आणि त्यांच्या मागचं पाचट बघितलं.

ते पाचट नव्हतं. पाचटाला कान नसतात.

उसाच्या पहिल्या दोन सरींच्या मधे तो पोट जमिनीला लावून बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. आत्यांकडे बघत होता, त्यांच्या मानेकडे, आणि त्याची शेपटी हलत होती. आमच्या मांजराची उंदरावर टपल्यावर हलते तशी, अगदी तशीच.

“आत्या,” मी म्हटलं. ते मलाच नीट ऐकू आलं नाही, त्यांना काय येणार. विळा चालूच. “आत्या.” सगळ्या तालुक्यात खणखणीत म्हणून नावाजलेला माझा आवाज घशातच बसला. काठी उचलावी तर हात उचलेना. वाघानं मागचे पाय जरा आवळून घेतले.

आणि माझ्या तोंडून निघालं, “बायडे! ए बायडे!”

कुठून निघालं ते मला माहीत नाही. सासूला नावानं हाक मारायची, तीही एकेरीत, हे आमच्याकडे स्वप्नातही होत नाही. पण ते निघालं ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं. आत्यांना तर कधीकाळी त्यांची आईच काय ती तशी हाक मारत असेल.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. आत्या चांगल्या उंच आहेत. एक हात कमरेवर, दुसऱ्यात विळा, आणि डोळे लाल. “कोन गं ती भवानी मला नावानं हाका मारतीया?”

वाघ दचकला. त्याच्यापुढे वाकलेलं काहीतरी होतं, त्याची एकदम बाई झाली. तो मागे सरला, ऊस हलला आणि मग हलायचा थांबला. गेला असं मला म्हणता येणार नाही. दिसेनासा झाला, एवढंच.

“तू? नूतन, तू मला बायडे म्हनलीस?” आत्यांचं चालूच होतं. मग त्यांनी माझं तोंड बघितलं. मी काठीनं दाखवलं तिकडे बघितलं. मऊ मातीत पंजे उमटले होते, त्यांच्या पायांपासून हात लांब करावा इतक्या जवळ. त्या मटकन खाली बसायला लागल्या.

“बसू नका!” मी ओरडले. “उभ्या राहा, आत्या! बसू नका!” धावत जाऊन त्यांना धरलं. कोण कुणाला धरतंय ते कळत नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पट्टा घालायला लागले आणि बक्कल काही केल्या लागेना.

“का नाही घातलात?” मी त्यांच्यावरच चिडले. “का नाही घातलात हा?”

“तूच तर सांगितलंस सकाळी.”

“मी बोलायला बोलले हो! उदाहरण म्हणून बोलले. असा एवढा विश्वास ठेवतात का कुणी?”

“इस्वास?” आत्या उसाकडे बघतच म्हणाल्या. “इस्वास असता तर काय पायजे व्हतं. मी लाजून न्हाई घातला.”

मला कळेना. त्या म्हणाल्या, “मला लई भ्या वाटतं, नूतन. त्या बाईला नेल्यापास्नं रोज वाटतं. गवताला येताना हातपाय कापत्यात. कुनाला बोलली न्हाई. तू रोज सांगतीस भिऊ नका. तुझ्या आवाजात कदी भ्या नसतं. मंग मला वाटायचं, आपलाच इस्वास कच्चा. येवढी वर्सं देवाचं ऐकतोय आन् आपून भेकड ते भेकडच. आज म्हनलं, न्हाई घालायचा. देवाला तरी दाखवू, का म्हातारी भीत न्हाई.”

“आणि मग?”

“आन् मंग काय. साऱ्या वाटंनं भीतच आले.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी म्हटलं, “आत्या, मी कडी लावून बोलते. आतून. दोनदा ओढून बघते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाघाच्या पंजाकडे बघितलं नव्हतं इतक्या नवलानं बघितलं. “तुला भ्या वाटतं?”

“सगळ्याचं वाटतं. पालीचंसुद्धा.”

“मंग सांगायचं न्हाई का, बये!” त्या म्हणाल्या, आणि मी आयुष्यात खाल्लेली सगळ्यात खरी बोलणी तेवढीच.

ग्रुपवर ते सकाळचं अजून होतंच. कुठल्या कुठल्या बांधावर कोण पट्टा न घालता वाकलं असेल! तिथेच उभ्यानं फोन काढला आणि बोलले. आवाज फाटत होता, फाटू दिला. “बायांनो, सकाळचं माझं चुकलं. पट्टे घाला. एकट्या जाऊ नका. आत्ता आमच्या बांधावर वाघ होता. मला भीती वाटतीय, मला रोजच वाटते. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूही घाबरला होता, ते मी तुम्हांला कधी सांगितलंच नाही.” ते पाठवलं. कुणाचं काय उत्तर येतंय ते बघायला मी थांबले नाही.

कारण परत जायची वाट तीच होती, उसातून. गवत तिथेच टाकलं. वाट एकीपुरती, म्हणजे एक पुढे आणि एक मागे. वाघ मागच्याला धरतो हे दोघींना माहीत होतं. आत्या म्हणाल्या, “मी मागं. मेंढरामागं मीच चालायचे.” मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, तुझं वय काय, माझं वय काय. मी त्यांना खांद्याला धरून पुढे केलं, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा सासूचा मान राखला नाही.

“मंग प्रार्थना कर,” त्या म्हणाल्या. “तुला शब्द येत्यात.”

“मला एकही येत नाही, आत्या. तुम्ही करा.”

त्यांनी कधीच मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. घरात नाही, रविवारी सगळ्यांत नाही. नेहमी मलाच पुढे करायच्या. त्यांनी विळा सावरला, पाऊल टाकलं आणि त्या बोलायला लागल्या, मेंढरांना हाकारे घालतात तशा, सगळा दम लावून.

“देवा, आमाला भ्या वाटतंय! दोघींनाबी वाटतंय! लई वाटतंय! आमी हितं हाय, उसात हाय! तू सोडून जाऊ नको!”

एवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून. डावीकडे पाचट वाजलं की आवाज आणखी चढायचा. देव ऐकत होता की वाघ, की दोघेही, मला माहीत नाही. मी मागच्या उसाकडे बघत, त्यांच्या पाठीला पाठ लावून उलटी चालत होते, आणि प्रत्येक वेळी घसा फाटेस्तोवर आमेन म्हणत होते.