आबांची झडती

इंडोनेशियातल्या बांडुंगच्या त्या सॉफ्टवेअर कचेरीत सकाळी बिल्ड लावायचं आणि चहाला जायचं, ही रीतच पडली होती. कारण प्रोग्राम बांधायला घेण्याआधी आबा एंकुसांची स्क्रिप्ट, म्हणजे त्यांनी बसवून दिलेली आज्ञांची यादी, यंत्राची झडती घेई. कंपायलर आहे का? आहे. अमुक फाइल आहे का? आहे. काल विचारलेले शेकडो प्रश्न आज पुन्हा, एकामागून एक, खाष्ट सासूच्या थाटात. चहा होई, तळलेली केळी संपत, तरी झडती चालूच.

नवी साधनं हेच काम चुटकीसरशी करत. पोरं दरवर्षी त्यांचा विषय काढायची आणि युयुन दरवर्षी आडवी यायची. तिला हे काम आबांनी शिकवलं होतं. "आबांनी उगाच एक ओळ लिहिलेली नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. आपल्यामागे ही स्क्रिप्ट कोण सांभाळणार, म्हणून तिने सिंगापूरची चालून आलेली नोकरी नाकारली. त्याचं वाईट वाटणंही आता थांबलं होतं. तसं तिला कशाचंच फार वाटत नसे. पडद्यावर ओळी वर सरकत आणि ती नुसती बघत बसे.

या वेळी वरूनच हुकूम आला, जुनं काढा. पण वडीलधाऱ्यांचं काम त्यांच्या कानावर न घालता मोडायचं, असं तिकडे कुणी करत नाही.

"तेते, तूच जा," हाताखालचा रंगा म्हणाला. तेते म्हणजे ताई; तो तिला थोरली बहीण मानायचा. "आम्ही गेलो तर आबा सोलून काढतील. तू पडलीस लाडकी."

ती मार्ताबाक, म्हणजे तिकडचं सारण भरलेलं जाड धिरडं, बांधून घेऊन डोंगरावरच्या लेंबांग गावी गेली. निवृत्त झालेले आबा अंगणात सशांना गाजरं घालत होते. वाटभर जुळवलेलं तिने मान खाली घालून म्हणून टाकलं.

"आबा, माफ करा. तुमची स्क्रिप्ट आम्ही काढून टाकतोय."

"कुठली स्क्रिप्ट?"

तिने सांगितलं.

"अगं बाई, ती अजून चालवता?" आबा इतके हसले की ससे पांगले. "ती मी घाईत दुसरीकडून उचलली होती. निम्मे प्रश्न कशाला आहेत, मलाच कळत नव्हतं. म्हटलं, कुणी विचारलं तर काढू."

"आणि कुणीच विचारलं नाही?"

"तू तरी कुठे विचारलंस, पोरी?"

खरंच होतं. थोरांना 'हे कशाला' असं विचारायचं नसतं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. आबांनी हातावर ठेवलेला मार्ताबाकचा तुकडा तिने खाल्ला. त्याची चव लागली नाही.

परत येऊन तिने स्क्रिप्ट काढली, नवं साधन बसवलं. ती खुर्ची पुढे ओढते तोवर सगळी तपासणी उरकली होती. पोरांनी टाळ्या पिटल्या.

रंगा हळूच जवळ आला. "आबांना फार लागलं का गं?"

"हो," पडद्यावरची नजर न हलवता युयुन म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, इतकी वर्षं तू जपलीस, पोरी, म्हणून टिकली."