लुआताईंचं वेबसाइटवरचं पान

आधीच सांगून टाकते, मूर्खपणा माझाच होता.

आमच्या प्रांताच्या खासदार-कार्यालयात मी टायपिंग करते. लुआताई आमच्या खासदार, पेशाने डॉक्टर आणि बोलायला फटकळ. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना कधी जमलंच नाही. माझ्या माहेरी कालव्याच्या तोंडाशी उघाडी आहे, भरतीचं खारं पाणी अडवणारी. तिची लोखंडी झडप गंजून अर्धवट उघडी अडकली, तेव्हापासून कोरड्या महिन्यांत खारं पाणी थेट शेतात शिरतं. भात करपतं, आणि आई रांजणातलं पावसाचं पाणी वाटीवाटीने पुरवते. राष्ट्रीय सभेच्या प्रत्येक अधिवेशनात ताई मंत्र्यांना विचारायच्या, दुरुस्ती मंजूर होऊन तीन वर्षं झाली, झडप कुठाय? मंत्री लाल व्हायचे, पण सभागृहातलं बाहेर कोणाला कळत नसे, म्हणून निमूट गिळायचे. एकदा तर इंजिनियर येऊन मापंही घेऊन गेला होता.

मग हनोईहून फर्मान आलं. प्रत्येक खासदाराचं वेबसाइटवर पान असेल. प्रश्न किती विचारले, शब्दशः काय विचारलं, सगळं जनतेला दिसेल. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. म्हटलं, आता मंत्री कुठे पळतो बघूच. ताईंचा प्रश्न मी स्वल्पविरामासकट टाइप केला. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. एक प्रत गावी साउकाकांना पाठवली. साउकाका म्हणजे रोज पहाटे पाचला गावच्या भोंग्यावरून बातम्या वाचणारे. त्यांनी तो प्रश्न तीन दिवस ठसक्यात वाचला. टपरीवर लोक मंत्र्यांची नक्कल करायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवड्याभरात ताईंना पक्षाच्या कार्यालयात चहाला बोलावलं. कोणी आवाज चढवला नाही म्हणे. समोर फक्त त्यांच्या पानाची छापील प्रत ठेवली होती, ओळीओळीखाली लाल रेघा मारलेली. मी रडतरडत माफी मागितली.

"तू खोटं काही लिहिलंस का?" ताई म्हणाल्या. "नाही ना? मग डोळे पूस."

पुढच्या अधिवेशनात ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, की खाऱ्या पाण्याविरुद्ध मिळालेलं यश मंत्रिमहोदय आणखी कसं वाढवणार आहेत? मंत्री अकरा मिनिटं हसतमुखाने बोलले. ते टाइप करताना मला रडू येत होतं. पानावर मात्र प्रश्नांचा आकडा एकाने वाढला. इतर प्रांतांची पानं उघडून बघितली, तर जे एरवी भांडायचे तेही असंच गोडगोड विचारत होते. चारचौघांत फोटो काढायचा म्हटल्यावर सगळ्यांनी पावडर लावली होती.

मला वाटलं, निदान खुर्ची तरी वाचली. कसचं काय. पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं तर आमच्याकडे आधी वस्तीची सभा लागते, शेजाऱ्यांनी हात वर करून मत द्यायचं. ताई आणि मी एकाच गल्लीतल्या, नोंद लिहायला मलाच बसवलं. वरून आलेल्या साहेबांनी लाल रेघांची तीच प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाले, लुआबाई जनसंपर्कात कमी पडतात, हे ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. ज्यांची पोरं ताईंनी फुकट तपासली, ती माणसं छताकडे बघत हात वर करत होती. माझा हात मांडीवरच होता. साहेब माझ्याकडे बघत थांबले. शेवटी शेजारी बसलेल्या ताईच वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खुयेन, हात वर कर. तुझी नोकरी गेली तर उघाडीचं नाव तरी कागदावर कोण लिहील?"

मी हात वर केला. मग त्याच हाताने लिहिलं, बाजूने एक्कावन्न, विरोधात कोणी नाही.

आता सगळंच पारदर्शक म्हटल्यावर ती नोंदही वेबसाइटवर गेली, नावांसकट, आणि गावोगावी वाचून दाखवायचा हुकूम निघाला. सकाळी आईचा फोन आला. ताईंचं नाव उमेदवारांच्या यादीतून गेलं, हे तिने भोंग्यावर ऐकलं होतं. हात वर करणाऱ्यांची नावंही ऐकली होती.

"तुझं नाव साउकाकांनी दोनदा वाचलं," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, छापण्यात चूक झाली असेल."

ताईंनीच सांगितलं म्हणून, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी विचारलं, रांजणात पाणी किती उरलंय?

"अर्धा आहे," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.